समासातलं कारण

पाणीखात्याच्या कचेरीत तिला सगळे काजळताई म्हणत. संसदेच्या समितीने खात्याचे कागद मागवले, की त्यातले लोकांचे पत्ते, आजार, फोन नंबर काळ्या पट्टीखाली झाकायचे आणि मग प्रत पाठवायची, हे तिचं काम. नियम एकच, पण खमका: जो ओळ काळी करील त्याने शेजारी समासात कारण लिहायचं आणि खाली सही ठोकायची. आजवर ती कारणं खरी असत, म्हणून बाईला झोपही छान लागे.

यंदा मात्र घोडं अडलं. एका वस्तीत नळाचं पाणी पिऊन पोरं आजारी पडली होती. पाणीखात्याला धोका आधी ठाऊक होता का, एवढंच समितीला हवं होतं. आणि कागदांत एका इंजिनिअरने पोरं आजारी पडायच्या कितीतरी आधी स्वच्छ लिहून ठेवलं होतं: ‘पाइप गटारातून गेला आहे. ताबडतोब बदलावा.’

"ही ओळ काळी करा," साहेब म्हणाले.

"कारण काय लिहू?"

"लिहा हो काहीतरी. देशाची सुरक्षा."

"गटारात कसली देशाची सुरक्षा, साहेब?"

"ताई, लांबच्या गोदामात एक जागा रिकामी आहे. बघा बुवा."

घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बदली झाली तर त्यांचं कोण करणार? शेवटी तिने सासूबाईंनाच सगळं सांगितलं.

"माझं करायला माझा लेक आहे," म्हातारी कडाडली. "त्याच्या हाताला काय मेंदी लागलीय? त्या पोरांच्या आयांना तोंड काय दाखवशील, ते बघ!"

नवऱ्याने मुकाट्याने मान डोलावली. बिचारा दुसरं करणार काय?

सकाळी तिने ओळ इमानेइतबारे काळी केली. समासात लिहिलं: ‘कारण: खात्याची अब्रू जाऊ नये, असा साहेबांचा तोंडी हुकूम.’ खाली सही ठोकली.

साहेब वाचून लालबुंद झाले. "हे काय? बदला आधी!"

"मला दुसरं खरं कारण सुचत नाही, साहेब. तुम्हाला सुचत असेल तर तुम्ही लिहा. सहीला जागा सोडलीय."

साहेबांनी तावातावाने पेन काढलं. समासावर धरलं. संसदेला थाप मारायची आणि तीही स्वतःच्या सहीनिशी! पेन तसंच खिशात गेलं.

"दुसरी प्रत काढून पाठवा," ते पुटपुटले. "काळं न करता."

समितीच्या बैठकीत ती ओळ मोठ्याने वाचली गेली आणि काही दिवसांतच वस्तीत खोदकाम सुरू झालं. काजळताई वाट वाकडी करून बघायला गेली. सडलेला पाइप वर काढून ठेवला होता. तो बघताच तिला भर रस्त्यात रडू कोसळलं.

कडेवर पोर घेतलेली एक बाई जवळ आली. "तुम्ही पाणीखात्यातल्या का हो?"

पोरं आजारी पडल्यापासून असं कुणी विचारलं, की ती लाजेने विषय बदलून सटकायची.

"हो," डोळे पुसत ती म्हणाली, "त्याच खात्यातली."