आडवी टाकलेली डहाळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी सहलीला दुसऱ्याच शाळेच्या गाडीत जाऊन बसलो होतो, तेसुद्धा सांगून टाकलंय. माझ्या फजित्या आमच्या गावच्या चहाटपरीवर मीच वाटतो. ही एक मात्र दुसऱ्याच्या नावावर वाटली.

नवेगाव बांधच्या जंगलात पन्नास किलोमीटरची शर्यत ठेवली होती, तेव्हाची गोष्ट. मी मास्तर. पोट पुढे, मी मागे. मला पळायला शिकवलं सुखदेवभाऊनं. तो वनमजूर, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा साफ करण्यात त्याची वीस वर्षं गेलेली. दर रविवारी तलावाला वळसा घालताना त्यानं मला जंगलातली एक रीतही शिकवली — फाटा आला की पुढे जाणाऱ्यानं चुकीच्या किंवा अडलेल्या वाटेवर पानांची डहाळी आडवी टाकायची. मागचा ती पाहतो आणि, वाट ओळखीची असली तरी, तिकडे पाऊल टाकत नाही. विचारतसुद्धा नाही. कुणी टाकली, कशाला टाकली — कोण विचारणार?

शर्यतवाल्यांना पाहुण्यांना जंगल दाखवायला एक माणूस हवा होता. जो गावकरी पहिला येईल, त्याला ठेवणार होते. सुखदेवचे गुडघे कुरकुरायला लागले होते. त्याला ते काम हवं होतं. मला नोकरी होती. मला काय हवं होतं? हारासकट फोटो.

चाळीसाव्या किलोमीटरला आम्ही दोघंच पुढे. माझ्या पोटरीत गोळा आला. त्यानं खाली बसून पाय चोळला, आपला दुपट्टा ओला करून बांधला. म्हणाला, "तू हो समोर, मास्तर. मी पानी पिऊन येऊनच राहिलो." मागे तलावाच्या पाळीवर दोन नागपूरवाले दिसत होते.

पुढे फाटा. खुणेच्या लाल फिती वानरांनी ओढून नेलेल्या. उजवी वाट शेवटाला जाणारी, डावी नाल्यात उतरणारी — रविवारांमुळे मला ठाऊक होतं. मी पळसाची डहाळी मोडली. आणि... उजव्या वाटेनं चार पावलं गेलो, वळलो, आणि ती माझ्याच मागे आडवी टाकली. उजव्या वाटेवर. बुटाची नाडी बांधायला याहून जास्त वेळ लागतो.

मी पहिला आलो. हार, फोटो, सगळं. दीड तासानं सुखदेव आला. मागून ते दोघं नागपूरवाले लंगडत, त्याला शिव्या देत — याच्या मागे आलो म्हणून चुकलो. शर्यतवाल्या साहेबांनी विचारलं, तर म्हणाला, "मीच चुकलो, साहेब." मग माझ्याकडे वळला. "पाय कसा आहे, मास्तर?"

पाहुण्यांनाच वाट चुकवणारा माणूस कोण ठेवणार? मला नोकरी होतीच. ते काम दुसऱ्याला गेलं. सुखदेव जाळरेषेवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढून फाट्यावर गेलो, डहाळी उचलून फेकायला. ती उजव्या वाटेवर नव्हती. डाव्या वाटेवर होती, नीट आडवी, वाऱ्यानं हलू नये म्हणून वर दगड ठेवलेला. मागून येणाऱ्यांसाठी. सुखदेवच्या पुढे फक्त मी होतो, हे त्याला कळलं नसेल?

तरी मी सांगत राहिलो — आपल्याच जंगलात हरवलेला सुखदेव. काय रंगवायचो. कधी तो तिथेच बाकावर असायचा, बशीत चहा ओतत. इतरांबरोबर हसायचा. एकदाही उठून गेला नाही.

गेल्या वर्षी तो वारला. तिसऱ्या दिवशी अंगणात सगळे बसलेले. त्याचा पुतण्या म्हणाला, "मास्तर, ते काकाची हरवल्याची सांगा ना. तेवढंच बरं वाटंल."

मी सांगितली. नागपूरवाल्यांच्या लंगडण्याची नक्कल करून, नेहमीसारखी. सुखदेवची बायको तोंडाला पदर लावून हसली.