रेषा छेदल्या त्याच्या पुढे

आमच्या गुरुभावजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, मी एकदाही भिंतीला पाठ टेकून स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही. जेवताना एक गुडघा वर, नजर दाराबाहेर. भात वाढेपर्यंत माणूस अंगणात. मी म्हणायची, "भावजी, ताटाक काय काटे लागलेत?" हसायचे, आणि पुन्हा उठायचे.

मुंबईला ते बंदरं बांधणाऱ्या एका कचेरीत नकाशे गिरवायचे. दर मे महिन्यात बोटीने तोंडवलीला यायचे. एकोणसाठ साली आले ते पाठीवर कागदाची ही मोठी गुंडाळी घेऊन. आल्या दिवसापासून त्यांचा लहानपणचा दोस्त हसन आणि ते, दोघे हसनच्या होडीतून दर्यात. दोरीला शिशाचा गोळा बांधायचा, खाली सोडायचा, किती वाव पाणी ते कागदावर मांडायचं. गाव म्हणे, हरिश्चंद्राच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, भावाक ऊन लागलां.

मग ओटीवर कागद पसरून रेषा ओढणं सुरू. माझा सारवलेला ओटा आठवडाभर त्यांच्या ताब्यात! मी चिडून विचारलं, "ह्यां काय चललां?" तर मला समोर बसवून समजावलं. खोल पाण्यात लाट भरभर चालते, उथळात हळू. रापणीचं लांब जाळं ओढताना बघ, म्हणाले. ओल्या वाळूत पाय रुतलेली माणसं मागे राहतात, कोरड्यावरची पुढे सरकतात, आणि सबंध रांग वळते. तशी लाट उथळाकडे वळते. ती कुठे कशी वळेल ते पावलापावलाने कागदावर काढायचं आणि तिच्या चालीची रेषा किनाऱ्यापर्यंत आणायची. जिथे रेषा दाटीने येतात तिथे दर्याचा मार. जिथे फाकतात तिथे शांत.

एवढं मला पटलं. खोटं कशाला बोलू? मला तर गंमतच वाटली. पण रेषा येऊन दाटल्या त्या नेमक्या आमच्या होड्यांच्या जागेवर. पावसाळ्यात होड्या वर काढून माडाच्या चुडतांनी शाकारून ठेवायची ती जागा. तिथे आमची नवी होडी, आणि शेजारी हसनची. हसनला त्या होडीशिवाय दुसरं काही नव्हतं. घरात बायको वजीरा आणि पोरांची चार तोंडं.

"होडी खाडीच्या अंगाक न्या," भावजी म्हणाले.

आमचे हे कसले ऐकतात! वाडवडिलांची जागा. हलवायची तर देवीला विचारायला हवं. गेले सगळे देवळात. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवीला कौलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हलवायची, डावी पडली तर नाही. डावी पडली.

झालं. भावजींचं डोकं फिरलं. गुरव सरळ माणूस, त्याने आपलं विचारलं, "देवी नाय म्हणता. तुझो कागद काय म्हणता, गुरू?"

"दर्या होड्यांवरच येतलो!" भावजी ओरडले. सगळ्या गावासमोर. "खाडीकडे काय्येक भय नाय!"

आमच्या ह्यांनी होडी हलवली नाही. हसन मात्र भावजींच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू म्हणतस मा? मग मी हलवतंय." आणि त्याच दिवशी माणसं जमवून होडी खाडीकडे नेली.

रेषा खऱ्या झालेल्या बघायच्या म्हणून भावजींनी रजा वाढवली. आषाढाच्या उधाणात दर्या आला. आमच्या होडीच्या चुडताला पाणीसुद्धा लागलं नाही. खाडीच्या अंगाला मात्र लाटा अशा काही घुसल्या की हसनच्या होडीच्या फळ्या पार पलीकडच्या काठाला सापडल्या. वजीरा चिखलात बसून रडली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. आमची होडी मागे धडधाकट उभी होती, माझी मलाच लाज वाटली.

गाव म्हणालं, देवीने राखलं. भावजींनी ओटीवर कागद पसरला आणि एका जागेवर बोट ठेवलं. किनाऱ्याच्या अलीकडे, पाण्याखालच्या खडकाळ खडपापाशी, सगळ्या रेषा एकमेकींना छेदून गेल्या होत्या.

"वयनी, रेषा छेदल्या की नियम थंयच संपता. पुढचां तो सांगणा नाय. मी पट्टी लावून सरळ किनाऱ्याक नेलंय." मग त्यांनी बोट खाडीकडे सरकवलं. "छेदून त्यो फाकल्यो. अर्धी धाड खाडीत गेली, होड्यांकडे काय उरलां नाय. नियम संपता तां माका तेव्हाच म्हायत होतां."

"मग बोललात कशाक नाय?"

"देवळात उजवां नायतर डावां. 'माका म्हायत नाय' म्हणाक जीभ उचलली नाय."

मुंबईची नोकरी त्यांनी सोडली. गावच्या शाळेत गणित शिकवायला लागले. पण चैन कसलं ते नाही. शाळा सुटली की दर्या, नाहीतर कागद. छेदाच्या पुढे काय होतं, एवढं एकच खूळ. लग्नाचं नाव काढलं की ताटावरून उठायचे. हसन दुसऱ्यांच्या होडीवर राबत होता आणि वाटेत भेटला की भावजी रस्ता बदलायचे.

चौसष्ट साली हसनने नवी होडी बांधली. वैशाख सरता सरता तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"गुरू, यंदा होडी खंय ठेवू?"

भावजी पांढरेफटक पडले. "माका इचारू नको रे. देवीक इचार. दुसऱ्या कोणाकय इचार."

"तुका इचारतंय."

"माका म्हायत नाय, हसन! छेदाच्या पुढचां माका अजून म्हायत नाय!"

हसन पायरीवर बसला. चांगला पाय पसरून बसला. म्हणाला, "ह्यां तेव्हा सांगलं असतस तर मी होडी घरातच नेली असती रे." मग माझ्याकडे वळून, "वयनी, च्या टाक."

आणि खरंच, वीसेक माणसांनी ती होडी ओढत पार हसनच्या मागच्या दारी नेली. वजीराला स्वयंपाकघरात जायला होडीला वळसा घालावा लागे. ती दोघांच्याही नावाने खडे फोडायची.

त्या पावसाळ्यात होडीला काही झालं नाही, व्हायचं कारणच नव्हतं. तरी दर उधाणाला भावजी छत्री घेऊन त्या होडीपाशी जाऊन उभे. हसन खिडकीतून ओरडायचा, "मेल्या, होडी घरात आसा. आता तू पण घरात ये!"