ठिपक्यांनी लिहिलेलं नाटकाचं नाव

मी पेणला फ्लेक्स छापण्याच्या दुकानात काम करते. वाढदिवस, निवडणूक, दहावीचे गुणवंत, जे येईल ते छापायचं. माझे बाबा रोह्याच्या एका हौशी नाटक मंडळाचे पडदे रंगवायचे आणि नाटकाचं नाव मागच्या पडद्यावर स्वतःच्या हाताने काढायचे. त्यामुळे आमच्या घरात फ्लेक्स हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. त्यातून येणारा पगार मात्र चालतो.

काचबिंदूने बाबांची नजर हळूहळू खाल्ली. कडेचं सगळं गेलं, मधे नळीतून पाहावं एवढंच उरलं, तेही भरपूर उजेड असेल तर. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं जपा. बाबांनी ब्रश धुऊन ठेवले आणि नाटकाला जाणंही सोडलं. मंडळाची माणसं बोलवायला आली की म्हणायचे, "पडदा दिसत नाय, तर काय नुसतं कान घेऊन येऊ?" माणसं हसायची. मला राग यायचा, बाबांचाही आणि हसणाऱ्यांचाही.

यंदा मंडळाने नवं नाटक बसवलं, 'पाणी ओसरल्यावर'. नागोठण्यात अंबा नदीच्या पुराचं पाणी घरात शिरतं आणि उतरल्यावर एका कुटुंबाचं काय होतं, त्याची गोष्ट. मंडळातली निम्मी माणसं नागोठण्याच्याच कंपनीत शिफ्ट करणारी, त्यांना ती समजावून सांगायची गरजच नव्हती. पडद्यावरच्या नावाचं काम माझ्याकडे आलं. "फ्लेक्सच छापून दे," असं मंडळाची माणसं म्हणाली. मी नाही म्हटलं. मला ते नाव उजेडाचं करायचं होतं. बाबांना अजून उजेड कळत होता, पण तो किती दिवस कळेल याचा भरवसा नव्हता. त्यांनी एकदा, निदान एकदा तरी, माझ्या हातचं नाव वाचावं असं मला फार वाटत होतं. मी हे कुणाजवळ बोलले नव्हते, पण आईला न सांगता कळतं.

गणपती रवाना झाले की पेणचे मूर्तींचे कारखाने काही दिवस रिकामे पडतात. ओळखीच्या एका कारखान्यात मी काळं कापड पसरलं, खडूने अक्षरं आखली आणि कात्री घेतली. अक्षरं कापायची, मागून दिवे लावायचे, झालं काम, असा माझा हिशोब. पण आपली अक्षरं पडली डोक्यावरच्या रेघेला लटकणारी. ती रेघ मी ऐटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत कापली आणि कापड उभं धरलं, तर अख्खं नाव जीभ काढल्यासारखं पुढे लोंबलं. 'व'च्या पोटातला तुकडा तर जमिनीवरच पडला. मी कात्री भिरकावली. तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन आई दारात आली.

"अगो, कापतेस कशाला?" ती म्हणाली. "रांगोळीच्या कागदाला आपण कातर लावतो काय?"

आमच्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीसाठी कागदाला उदबत्तीने भोकं पाडतात. कागद जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, खाली सारखे ठिपके उमटतात. आईने कारखान्यातल्या देवापुढची उदबत्ती उचलली आणि कापडाला टेकवली. कापड सुती नव्हतं. बारीक गोल भोक पडलं, कडा वितळून तिथल्या तिथे घट्ट झाली, एक धागा सुटला नाही. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी डबा उघडून मुकाट जेवायला बसले.

मग नवं कापड आणलं आणि आम्ही दोघी दोन टोकांना बसलो. ती 'पाणी'कडून, मी शेवटच्या 'र'कडून. धुराने डोळे चुरचुरायचे. "देवापुढे एवढ्या उदबत्त्या लावल्या असत्या, तर एव्हाना पावला असता," आई खोकत म्हणायची. दिव्यांच्या नळ्या थेट मागे लावल्या तर भोकांतून नळ्याच दिसत होत्या, म्हणून मधे घरातली पांढरी चादर ताणली. मग सगळे ठिपके सारखे पेटले.

प्रयोगाच्या दिवशी आईने बाबांना सांगितलं, "अवो, तुम्ही येत नसाल तर मीबी नाय जात." बाबा कुरकुरत सदरा घालून निघाले. दुपारच्या गाडीने आम्ही रोह्याला पोचलो. निडी गेल्यावर बाबांनी उगाचच तीनदा चष्मा पुसला.

नाट्यगृहात अजून कुणी नव्हतं. मंडळाच्या माणसांनी बाबांना मानाने पहिल्या रांगेत बसवलं, दारं लावून घेतली आणि मागचे दिवे लावले. काळ्या पडद्यावर नाव उजळलं. मी पडद्याकडे बघितलंच नाही, बाबांकडे बघत होते.

बाबांनी मान पुढे काढली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "उजेड हाय," ते म्हणाले. "एक काना दिसतो. पुढं काय हाय ते नाय लागत."

एवढ्या भोकांचं फळ एक काना! आई माझा हात धरून उभी होती.

बाबाच उठले. "मागं चल," म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, पडद्याकडे तोंड ठेवूनच उलटे चालू लागले. चार रांगा मागे गेल्यावर थांबले. "पाणी," त्यांनी वाचलं. आणखी मागे. "ओस... ओसर..." मला तेव्हा उमगलं. त्यांच्या नजरेच्या नळीत जवळून अक्षराचा एक तुकडाच मावत होता. जेवढे लांब जाऊ, तेवढं जास्त मावणार होतं. आम्ही खुर्च्यांना अडखळत मागे मागे गेलो, ते पाठ दाराला टेकेपर्यंत.

तिथे बाबांनी 'पा'पासून शेवटच्या 'र'पर्यंत हवेत बोट फिरवलं.

"'ल्या' आणि 'व'मधी फट जास्त पडली गो," ते म्हणाले.

खरंच पडली होती. आईची बाजू आणि माझी बाजू तिथेच भेटली होती. मला रडू फुटलं, आणि हसूही येत होतं. "बाबा, संध्याकाळच्या आत वरच्या रेघेत दोन ठिपके घालते," मी म्हटलं.

तेवढ्यात रंगमंचावरून कुणीतरी ओरडलं, "दिसलं ना? बंद करू काय आता?"

खांद्यावरची बाबांची बोटं घट्ट झाली. "थांब म्हणावं त्याला," ते म्हणाले. "मला अजून बघायचंय."