सुगंधाताईंची वाजणारी गोधडी

समोरच्या घरातल्या सुगंधाताईंबद्दल लिहू का, असं त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, "लिहा की, भाऊ. कोण वाचणारे?"

ताई पूर्वी अंधेरीच्या एका कारखान्यात रेडिओचं सोल्डरिंग करायच्या. कारखाना बंद पडला, हाताची सवय गेली नाही. आमच्या इंद्रलोक वसाहतीत राहायला आल्यावर शिवणयंत्र आणि सोल्डरिंग गन एकाच टेबलावर. कापडी तोरणात बारीक दिवे ओवायच्या, उशीत छोटा रेडिओ शिवून द्यायच्या. बायका हौसेने न्यायच्या.

त्यांचे यजमान सुभाषराव बँकेत शिपाई होते. हल्ली त्यांना काही आठवत नाही. ताई अंघोळीला गेल्या की दार उघडून चालू पडायचे. कुठे, तर "बँकेत". आतल्या कड्या त्यांना उघडता येत. कुलूप लावलं, तर किल्लीसाठी ताईंच्या गळ्यातली दोरी ओढायला लागले. मुलगा दिपेश शांती नगरला राहतो. तो म्हणाला, "आई, आता बाहेरून कडी लावू."

"आणि आम्हाला दोघांना कोंडणार? हे काय गोठ्यातलं जनावर आहेत?"

"मग तूच सांग. पण पुन्हा एकदा बाहेर गेले ना, तर मी ऐकणार नाही."

म्हणून ताईंनी दाराशी टाकायची गोधडी केली. जुन्या लुगड्याच्या घड्या, त्यांच्या मध्ये पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचे दोन थर आणि थरांमध्ये भोकं पाडलेला स्पंज. पाय पडला की कागदाला कागद टेकायचा आणि न्हाणीघरात लावलेला भोंगा वाजायचा. तपासायला मला उभं केलं. मी पाऊल टाकलं, काहीच नाही.

"भाऊ, मांजरासारखे काय चालता? पाय टाका नीट!"

टाकला. असा भोंगा वाजला की मीच दचकलो. ताई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिलं.

पण ती गोधडी त्यांना दवाखान्यातल्यासारखी वाटली. घरात काय असलं भकास ठेवायचं, म्हणून त्यांनी वरून लाल कापडाची लक्ष्मीची पावलं शिवली. दिसत होती फार सुरेख.

दोनच दिवसांत सुभाषराव पुन्हा घराबाहेर निघून गेले. भोंगा वाजलाच नाही. दुपारपर्यंत आम्ही शोधत होतो. शेवटी एका रिक्षावाल्याने आणून सोडलं. "अंकल काशीगाव के पास हायवे पे खडे थे. गाडी के सामने जा रहे थे."

ताईंनी सुभाषरावांचे पाय धुतले आणि लगेच गोधडी उसवायला घेतली. "माझाच सोल्डरिंगचा डाग सुटला असणार." एकही जोड सुटला नव्हता. हाताने दाबली, तर वाजली.

दुसऱ्या दिवशी गोधडी परत शिवून टाकली आणि त्या मुद्दाम दार उघडं ठेवून स्वयंपाकघराच्या आड उभ्या राहिल्या. मीही बाहेर जिन्यात होतो. सुभाषराव आले. गोधडीजवळ थांबले, हात जोडले, पायजमा वर धरला आणि भिंतीचा आधार घेत भली मोठी ढांग टाकून पलीकडे आले.

"अहो, त्यावरून चाला ना!" ताई म्हणाल्या.

"लक्ष्मीच्या पावलांवर पाय देतात का गं? अक्कल आहे का?"

ताई कात्री घेऊन खाली बसल्या.

त्यांनी पावलं उसवली. तरी ते ढांगच टाकत. वर गोणपाट घातलं, तरी ढांग. शेवटी गोधडी काढून फरशी उघडी ठेवली. तिथेही हात जोडून ढांग. पोराचं नाव विसरलेल्या माणसाने ही एक नवी गोष्ट पक्की धरली होती. "मी शोभा करायला गेले," ताई म्हणत राहिल्या.

रविवारी दिपेश ड्रिल घेऊन आला. कडी बसवताना त्याचेही डोळे भरले होते. ताईंनी अडवलं नाही.

आता रोज सकाळी त्या माझी बेल वाजवतात. "भाऊ, अंघोळीला जातेय. लावा."

मी बाहेरून कडी लावतो आणि तिथेच उभा राहतो. आतून सुभाषराव दार ओढतात. "कोण आहे बाहेर? मला उशीर होतोय!"

ताईंची आतून थाप पडेपर्यंत मी कडीवरचा हात काढत नाही.