वरची बांगडी

आधीच सांगून टाकते — ताईत, गंडा, उतारा यातलं काहीही मी मानत नाही. अहेरीत यावरून मला 'बी.कॉम.वाली' म्हणून चिडवतात, चिडवू देत. पण मार्कंड्याच्या जत्रेत जे डोळ्यांदेखत घडलं, ते तोंडानं सांगितलं तर लोक हसतील... म्हणून इथे लिहितेय.

आम्ही मणियार, बांगड्या भरणं हा पिढीजात धंदा. दरवर्षी महाशिवरात्रीला अम्मी आणि मी मार्कंड्याला दुकान मांडायचो — वैनगंगेच्या काठी, देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, ताडपत्रीखाली. आमच्या घरची एक रीत आहे. बांगड्या भरून झाल्या की गिऱ्हाइकाला वरून एक बांगडी फुकट, आणि ती चढवताना म्हणायचं, 'लंबी उमर हो.' बायका ती भांडून घेतात.

घेत नसे ती एकच, सिरोंच्याकडची पोचूबाई. पंचविशीची, बांगडीच्या दोन-चार मापाचा हात, मनगटावर काचेचा वण आणि कधीही न उतरवलेली एक जुनी हिरवी बांगडी. "वरची नको" म्हणून हात मागे घ्यायची. लहानपणी ती मला अम्मीएवढी वाटायची, मग माझ्याएवढी, मग माझ्याहून लहान... मी आपलं मानून चालले होते की आधी आई यायची, आता लेक येते. असतो एकेका घराण्याचा चेहरा. वण मात्र आईकडून लेकीकडे येत नाही, हे काही सुचलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी अम्मीला पोटाचा आजार निघाला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार तर वर्षभर. अम्मीला ते न सांगताच कळलं होतं. तरी 'जत्रेला जायचंच' म्हणून हटून बसली.

जत्रेत दुपारी पोचूबाई आली. अम्मीला पाहून समोर खालीच बसली.

"काऊन वो बाई, इतकी वाळली?"

"जायची वेळ आली म्हणून," अम्मी म्हणाली.

पोचूबाई आणखी पुढे सरकली. मग तिनं डावा हात पुढे केला. "हे हिरवी काढ अन् तुह्या हातात घाल. मंग तू आहे तशीच राह्यशील. म्हातारी होणार नाई, मरणार नाई."

मला हसू आलं. अम्मी हसली नाही. पोचूबाईच्या मनगटावरच्या वणावरून बोट फिरवत म्हणाली, "हा माह्याच हातचा आहे. लगीन झाल्यावर मी पहिल्या साली इथी आली होती, तवा तुले काच लागली. तवापासून तुले पाहून राह्यली. विचारलं नाई कधी."

"पोरगं गेलं," पोचूबाई म्हणाली. "नातू गेला, म्हातारा होऊन गेला. त्याच्या तोंडात मीनंच पाणी घातलं. गावात लोक चेटकीण म्हणू लागले का गाव सोडा लागते. हे दगडानं फोडली, फुटत नाई. माह्या हातानं निघत नाई. कोणाले देऊ? दुश्मनालेही द्याची हिंमत होत नाई. तू मरून राह्यली म्हणून म्हटलं."

अम्मीनं साबण लावला, तिच्या अंगठ्याखालचं हाड दाबलं आणि बांगडी सहज निघाली. साधी हिरवी काच.

"अम्मी, घाल," मी म्हणाले. काही न मानणारी मी, हात जोडून म्हणाले, "घाल ना."

घरात आम्ही हिंदी बोलतो, पण अम्मी जे म्हणाली ते मराठीत असं होतं : "तुझ्या केसांत पांढरं दिसायला लागलंय. तुला म्हातारी झालेली बघायची मला फार हौस आहे, बेटा. पण त्याच्या पुढचं नाही बघायचं."

तिनं बांगडी डब्यात टाकली. पोचूबाईला नेहमीच्या बांगड्या भरल्या आणि विचारलं, "वरची घालू?" तिनं स्वतःहून हात पुढे केला. 'लंबी उमर हो' म्हणताना दोघी हसत होत्या. मला दोघींचाही राग आला होता.

पावसाळ्याआधीच अम्मीनं खाट धरली. हात इतके वाळले की कुठल्याही मापाची बांगडी सहज चढली असती. एका दुपारी ती झोपलेली पाहून मी डब्यातून ती हिरवी बांगडी काढली. नुसती सरकवायची होती... बोटांना काचेचा गारवा लागला तसे तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मूठ मिटून घेतली. मी ती मूठ दोन्ही हातांत धरून खूप रडले. आठवड्याभरात अम्मी गेली.

पुढच्या जत्रेला पोचूबाई आली. दोन-चार काही चढेना, एक माप मोठी दोन-सहा काढावी लागली. कानाजवळचे पांढरे केस तिनं मला मुद्दाम, नवा दागिना दाखवावा तसे दाखवले. मग म्हणाली, "बाई कुठी?" मी सांगितलं. ती दुकानातच बसून रडली आणि जाताना वरची बांगडी मागून घेऊन गेली.

याचा अर्थ काय, मला आजही माहीत नाही. डोळ्यांना भास झाला म्हणावं, तर हिरवी बांगडी डब्यात आहेच. दुकान मांडताना ती हाताला लागते. बरोबर माझ्या मापाची आहे. कधीकधी फार मनात येतं... मग मी शेजारी बांगड्या लावत बसलेल्या माझ्या लेकीकडे बघते आणि मूठ मिटून घेते.