मागच्या पायरीवर कोणी नव्हतं

आधीच सांगतो — भूत, करणी, भानामती, उतारा... यातलं काही मी मानत नाही. काल मानत नव्हतो, आजही नाही. हे लिहितोय ते बायकोच्या, मंगलच्या हट्टापायी. "एवढं तोऱ्यात बोलतायसा न्हवं, मग लिवा की!" म्हणाली. म्हणून लिहितोय. हसायचं त्यानं खुशाल हसावं.

मी कबनूरला यंत्रमागावर जॉबर आहे, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. शंभर मागांच्या खडखडाटात कुठला चुकतोय ते मला पाठमोरं कळतं. त्याआधी अकरा वर्षं वडापची, म्हणजे गावोगावची माणसं भरून नेणारी, जीप चालवली. तेव्हा गाडी आणि आवाज या दोन गोष्टी मला कोणी शिकवू नयेत.

गाडी घ्यायची होती बहिणीसाठी. सुरेखा दिलीय पन्हाळ्याच्या पलीकडं एका वाडीत. डांबरी संपली की साडेतीन किलोमीटर नुसता दगड आणि तांबडा चिखल. ॲम्ब्युलन्स खालीच थांबते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिला कळा सुरू झाल्या, तेव्हा चौघांनी घोंगड्याची झोळी करून खाली आणली. बाळ वाटेतच गेलं. मी खाली रस्त्यावर भाड्याची गाडी घेऊन उभा होतो, तिचं ते रिकाम्या हातांनी रडत उतरणं मी बघितलंय. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. वर चढणारी फोर-व्हील गाडी पाहिजेच होती, आणि माझ्या ऐपतीत बसणार ती जुनीच.

शाहूपुरीत एका एजंटाकडं दोन गाड्या होत्या. एक पांढरी — ताजा रंग, रुंद टायर, आत गाणी. दुसरी हिरवी, वडापला झिजलेली. बाकडी फाटलेली, मागं लटकायला लोखंडी पायरी.

"पावणं, पांढरी बघा की! नवरीवाणी हाय!"

"नवरी चढ चढती का ते बघू," मी म्हटलं. दोन्ही गाड्या वाडीच्या वाटेवर चालवल्याशिवाय घेणार नाही, असं ठणकावलं. एजंट कुरकुरत का होईना, आला.

पांढरीनं पहिल्याच चिखलात मान टाकली. फोर-व्हीलचा लिव्हर ओढला तरी पुढची चाकं फिरेनात. "जरा ग्रीस मारलं की झालं," म्हणे. ग्रीस! दुसऱ्या दिवशी हिरवी नेली. छोटा गिअर टाकला आणि बकरीसारखी चढली. ओढ्याजवळच्या वळणावर आलो आणि मागच्या पत्र्यावर हात पडला. एकदाच.

वडापात मागं लटकणारा माणूस पत्र्यावर एकदा हात मारतो म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे चला. अकरा वर्षांची सवय, माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागं वळून बघतो तर चिटपाखरू नाही. शेजारी बसलेला एजंट घाबराघुबरा होऊन म्हणाला, "तुमी बी ऐकलं न्हवं?"

खाली उतरलो. पत्रा हलवला, नट तपासले, वाकून खालून बघितलं. सैल काही नव्हतं. निघालो, तर दहा पावलांवर पुन्हा तेच. पत्रा खुळखुळतो तो आवाज वेगळा आणि उघड्या तळव्याचा वेगळा.

शाहूपुरीत परत आल्यावर एजंटच म्हणाला, "ही नगा घेऊ. पांढरीचा पुढचा ॲक्सल करून देतो." घरी मंगल लिंबू, नारळ, अंगारा मांडून बसलेली. "असली गाडी पोटुशीला नगो," एकच धोशा. मी भडकलो. म्हटलं, "गेल्या खेपंला कुठलं भूत आलतं? रस्ता न्हवता म्हणून लेकरू गेलं! हिची चारी चाकं फिरत्यात. मागं कोण पत्रा बडवत असंल तर बडवू दे!"

हिरवीच घेतली. लिंबू बांधू दिलं नाही. आधीचा मालक कोण, तिच्या पायरीवरनं कोण पडून मेलं का, असली चौकशी केली नाही. करणारही नाही.

आषाढात, एका शुक्रवारी सुरेखाला कोल्हापुरात आणायचं ठरलं होतं. मंगळवारीच रजा टाकून जीप वर नेली. वळणावर हात पडलाच. एक शिवी हासडली आणि पुढं गेलो. बुधवारी दुपारी जेवायला बसलो आणि सुरेखा कळवळली. डॉक्टरच्या तारखेच्या बारा दिवस आधीच. बाहेर धो धो पाऊस. दाजी पुण्याला कामावर. जीपमध्ये गादी टाकून तिला झोपवली, पाय मागच्या दाराकडं; दारावर पावसासाठी ताडपत्री सोडली. उशाशी तिची सासू, बायाक्का मावशी.

चिखलाच्या उतारावर ब्रेक दाबला की गाडी घसरते, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. छोट्या गिअरवर हळूहळू उतरायचं. मला ते पाठ होतं... आणि वळणावर हात पडला. एकदा. मेला माझा पाय गेलाच ब्रेकवर! गाडीचा मागचा भाग ओढ्याकडं सरकला. सुरेखा किंचाळली. मी पाय काढला, स्टिअरिंग दाबून धरलं आणि बोंबललो —

"थांबणार न्हाय! कोण हाईस तो अस! यायचं तर गप धरून ऱ्हा, न्हायतर उतर!"

गाडी कशीबशी सरळ झाली. मग पत्र्यावर दोनदा हात पडला.

"चल म्हणत्यात रं. चल," मागून मावशी म्हणाली, वाडीतलंच कोणीतरी लटकलंय अशा सुरात.

दवाखान्यात स्ट्रेचर आला, धावपळ झाली, सुरेखाला आत नेलं. तासाभरानं रडणं ऐकू आलं. मुलगी. मी तिथंच फरशीवर बसून हमसून हमसून रडलो, सांगायला लाज वाटत नाही.

संध्याकाळी मावशी बाहेर आली. "त्यो पायरीवरला कुठं गेला? चा तरी पाजला असता. रस्ताभर दार धरून हुता बिचारा."

"मावशी, मागं कोणी नव्हतं."

"मग ताडपत्रीतनं आत आलेली चार बोटं कुणाची रं?"

मी जाऊन बघितलं. दाराची कडी मधोमध तुटलेली, तुटलेल्या जागी वाटेवरचा तांबडा चिखल भरलेला. म्हणजे ती वरच तुटली होती. बॉडी पिळून दार अडकलं असेल, असं स्वतःला समजावलं. बोटानं ओढलं तर सताड उघडलं. सुरेखाचे पाय त्याच दाराला होते.

मंगल म्हणते, आता तरी माना. नाही मानत! कडी नवी बसवलीय, आणि वाडीत कुणालाही नड लागली तर हीच जीप वर जाते. ते दार कोणी धरलं, हे मला विचारू नका. उत्तर माझ्याकडं नाही. भाची आहे.