झोपलेलं पोवळं

कलमकाकांना कुठलीही वस्तू अखंड बघवत नसे. नाताळात कुणी शेवंतीचा गुच्छ आणला, तर संध्याकाळपर्यंत फुलं फुलदाणीत आणि निम्म्या काड्या जमिनीत. चर्चमधली मिस्सा आटोपून घरी येताना ते लोकांच्या कुंपणांकडे अशा नजरेने बघत, की मालकीणबाई आपण होऊन एखादी फांदी मोडून हातात देत, म्हणजे निदान बाकीचं झाड वाचेल. खिशात लाकडी मुठीचा कलमाचा चाकू कायम. त्यांचं खरं नाव जोकीम, पण ते फक्त चर्चच्या नोंदीत आणि काकींच्या रागात ऐकू यायचं.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. लग्न होऊन मी साताऱ्याकडून थेट समुद्रकाठच्या भुईगावात आले. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर, आणि कलमकाकांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतलेल्या. मी ट्रंक खाली ठेवते न ठेवते तोच काकांनी माझ्या हातात केळीचं पिल्लू ठेवलं, मुळांना ओली माती लागलेली. लावायला आमच्याकडे वीतभर जागा नव्हती. मग त्यांनी ते स्वतःच्याच वाडीत आमच्या नावाने लावलं, आणि घड निघाला तेव्हा तो आमच्या दारात आणून ठेवला. अशा माणसाबरोबर भांडण कसं करायचं, हे मला तिथली सगळी वर्षं कळलं नाही.

त्यांच्या ओटीवर, काचेच्या कौलाखाली, एक मोठी काचेची टाकी होती. बोटीवर नोकरीला असलेल्या पुतण्याने बुडबुडे सोडणारा पंप आणून दिला होता. समुद्राचं पाणी काका सायकलला दोन कॅन लावून किनाऱ्यावरून आणत, फडक्यातून गाळत आणि थेंबभर जिभेवर ठेवून पास करत. लोक टाकीत मासे पाळतात. काकांनीही पाळून पाहिले, पण माशाचं कलम होत नाही म्हटल्यावर त्यांचं मन उडालं. एकदा ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकाचा एक कपचा त्यांना सापडला. त्यावर मऊ जातीचं पोवळं होतं. शर्टाच्या बटणाएवढी हिरवट-तपकिरी तोंडं, प्रत्येकाला बारीक झालर, पाण्यात उमललेली. बोट लावलं की मिटायची. काकांनी त्या दगडाचं नाव ठेवलं थोरलं, आणि त्याच आठवड्यात चाकू बाहेर काढला.

पानवेल बांधायला केळीचा सोप वापरतात, तो सुकलेला पट्टा, हे मला भुईगावात आल्यावर कळलं. त्याच सोपाने पोवळंही बांधता येतं, हे जगात फक्त काकांना सुचलं असावं. थोरल्याच्या कडेची दोन-चार तोंडं ते मुळासकट खरवडून काढायचे, कालवाच्या रिकाम्या शिंपेवर ठेवायचे आणि वरून सोप गुंडाळायचे, आवळून नाही, नुसता धरून ठेवण्यापुरता. पोवळ्याने शिंपेला धरेपर्यंत खाऱ्या पाण्यात सोप कुजून आपोआप सुटायचा. "सोडायला नाय लागत, बाय," ते मला सांगायचे. "त्याचं त्याला कळतं, आता माझं काम संपलं." त्या कापाकापीत चिकट पाणी सुटे आणि बोटं बधिर होत. म्हणून काकींचा कायदा होता, दोनदा साबण लावल्याशिवाय चहा मिळणार नाही. टाकीबद्दल त्या एरवी बोलतच नसत. बोलल्या तर एवढंच, की या घरात खारं पाणी ओटीवर आणि गोडं पाणी विहिरीत, आणि बाई मधल्यामधे पुसत बसते.

एका सुट्टीत काकींचा कॉलेजात शिकवणारा भाचा आला आणि त्याने टाकीकडे बघून सांगितलं की हे झाड नाही, प्राणी आहे. काकांचा चेहरा उतरला. रात्री ते जेवले नाहीत. झाड म्हणून आपण जे छाटत होतो ते जिवंत जनावर, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. शनिवारी ते पापनिवेदनाला गेले. तिथे काय बोलणं झालं ते गुपितच राहायला हवं, पण काकांनी स्वतःच ते गावभर सांगितलं. फादरांनी शांतपणे विचारलं होतं, तुकडे मेले का? काका म्हणाले, नाही, प्रत्येक तुकड्याचं नवीन पोवळं झालं. फादर म्हणाले, यावर प्रायश्चित्त काय द्यावं ते मला ठाऊक नाही, पण एक शिंप माझ्यासाठीही आणा.

मग काय, काकांना परवानाच मिळाला. घरभरणी असो, बारसं असो, आजारी माणसाची विचारपूस असो, काका काचेच्या बरणीत समुद्राचं पाणी आणि त्यात एक शिंप घेऊन हजर. हिंदूंच्या घरी, ख्रिस्ती घरी, भेदभाव नाही. माझ्या सासूबाई राहायला आल्या तेव्हा त्यांनाही बरणी मिळाली. वरून सूचना, की अधूनमधून कोळंबीचा कण घालावा. सासूबाई माळकरी. त्यांनी बरणीला लांबून नमस्कार केला आणि वरणाचं पाणी घातलं. पोस्टातल्या साहेबांनी बरणी शोकेसमध्ये बाहुल्यांच्या शेजारी ठेवली, जिथे ऊन म्हणून पोचत नव्हतं. गावच्या टेलरने पाणी आटलं म्हणून त्यात खडेमीठ टाकलं. थोडक्यात, भुईगावात पोवळी पटापट मरत होती, आणि ते काकांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

त्यावर गावाने एक युक्ती शोधली, आणि तीही काकांनीच शिकवलेली. मिटलेलं पोवळं दिसलं की घाबरायचं नाही, ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं, असं ते प्रत्येकाला बजावत. त्यामुळे रविवारी काका चौकशीला निघाले, की घराघरांतून एकच उत्तर यायचं, "झोपलंय, काका." काका आवाज खाली आणायचे, चपला वाजू न देता मागे फिरायचे. इतकी झोपाळू पोवळी जगात दुसरीकडे कुठे नसतील. पण काका खूश होते. त्यांच्या हिशेबी थोरल्याची लेकरं गावभर नांदत होती, आणि त्यांचं म्हणणंच असं होतं की एका जागी असलेली गोष्ट म्हणजे नसल्यासारखीच.

मग ती पेंडीची भानगड झाली. प्राणी वगैरे सगळं मान्य करूनही काका आतून वाडीवालेच होते. त्या वर्षी शेंगदाण्याच्या पेंडीने त्यांच्या केळी अशा माजल्या की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. थोरलं मात्र जरा सुस्त होतं. काकांनी ओंजळभर पेंड भिजवली आणि टाकीत सोडली. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरं, आणि वास असा की मागच्या खोलीत आमचा स्वयंपाक नासला असं मला वाटलं. त्यांनी पाणी बदललं, पुन्हा बदललं, सायकलवरून दिवसभर कॅन आणले. थोरल्याची तोंडं एकेक करून गळून पडली आणि दगड उघडा झाला.

आम्ही ओटीवर गेलो तेव्हा काका टाकीसमोर स्टुलावर बसले होते. आमच्याकडे न बघता म्हणाले, "झोपलंय."

कुणी हसलं नाही. मला तर रडूच आलं. दगडावर काहीच उरलं नव्हतं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं दिसत होतं.

मी आणि हे सायकल घेऊन निघालो. इतक्या बरण्या वाटल्यात, एखादी तरी जगली असेल. त्या दिवशी गावाने पहिल्यांदा खरं सांगितलं. शोकेसमधलं कधीच गेलं होतं, टेलरचं खारवलं होतं. फादर फार शरमले, त्यांच्या बरणीत आता मनीप्लांट होता. रिकाम्या हाताने परत आलो आणि काकांना काय सांगायचं याची आम्ही अंगणातच कुजबुज करत होतो, तेवढ्यात काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात लोणच्याची बरणी होती. बरणीत एक शिंप, आणि तिच्यावर अंगठ्याएवढंही रिकामं न ठेवता पसरलेलं, सगळी तोंडं उघडलेलं पोवळं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत, सकाळच्या उन्हात, काकींनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. काकांनी कॅन आणले की तांब्याभर पाणी त्या गुपचूप बाजूला काढून ठेवत. काकांनी बरणीकडे बघितलं, मग बायकोकडे.

"मना सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर कापलं असतंस."

काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला होता. तो तिथेच थांबला. मग त्यांनी चाकू काढला, काकींच्या हातात दिला आणि बरणी दोन्ही हातांत घेऊन बसले. त्यानंतर ते पोवळं टाकीत गेलं, वाढलं, थोरल्याचा दगड पुन्हा भरला, पण काकांनी त्याला चाकू लावला नाही. रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसत आणि बसल्या जागी हात चोळत, बिचारे.

काका गेले तेव्हा मी वर्षभराची मुलगी कडेवर घेऊन त्यांना माती द्यायला गेले होते. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही विरारला फुलपाड्यात जागा घेतली. सामान टेम्पोत चढलं आणि मी निरोप घ्यायला ओटीवर गेले. काकी टाकीपाशी उभ्या होत्या, बाह्या वर केलेल्या, हातात तो लाकडी मुठीचा चाकू. काकांनाही ते कापू न देणाऱ्या त्या बाईने थोरल्याची कड स्वतः खरवडली, शिंपेवर ठेवली, सोप गुंडाळला, आवळून नाही, आणि बरणी माझ्या हातात दिली.

"तो असता तर त्याने दिलंच असतं," त्या म्हणाल्या, आणि साबण शोधायला आत गेल्या.

फुलपाड्याच्या घरात मी आधी खिडकी बघितली, मग बाकीचं सामान लावलं. बरणीतलं पोवळं घट्ट मिटलेलं होतं. ह्यांनी वाकून पाहिलं आणि हळूच विचारलं, प्रवासात गेलं का ते?

"झोपलंय," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही आवाज न करता बाजूला झालो.